आठचं रॉकेट दहाला

आमच्या स्वयंपाकघरातलं २०२३ चं कॅलेंडर आईनं अजून रद्दीत दिलेलं नाही, कारण त्यावर दुधाचा हिशोब आहे. त्यातला २१ ऑक्टोबरचा चौकोन मला फार आवडतो. एका कोपऱ्यात आईचं दूध, मध्ये अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अक्षरात 'छाटणी, खालचा प्लॉट' असं लिहून त्यावर आडवी काट, आणि उरलेल्या जागेत माझ्या लेकीनं, चिऊनं, लाल पेनानं लिहिलेलं 'रॉकेट ८ वाजता'. मग त्या ८ वर काट, त्याच्या खाली ८.३०, त्यावर काट, मग ८.४५.

त्या दिवशी शनिवार होता, नवरात्र चालू होतं. गगनयानची, म्हणजे भारतातून माणसं अंतराळात पाठवायच्या मोहिमेची, पहिली मोठी चाचणी होती, टीव्ही-डी१. म्हणजे उड्डाण चालू असताना काही गडबड झाली तर अंतराळवीरांची केबिन रॉकेटपासून ओढून लांब नेऊन पॅराशूटनं समुद्रात सुखरूप उतरवता येते का, हे बघायचं, आत माणूस नव्हता. निफाडच्या घरात आम्ही सगळे साडेसातपासून टीव्हीपुढे, चिऊ शाळेचा युनिफॉर्म घालून बसलेली, सुट्टी असूनही. आणि मग कळलं की श्रीहरिकोटाला पाऊस आणि ढग आहेत त्यामुळे आठला नाही, साडेआठला. चिऊचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाली, पप्पा इथं तर ऊन आहे. अण्णा चहा पीत होते, ते म्हणाले, "अगं, इथलं ऊन तिथं काय कामाचं? आणि थांबले तर बरंच केलं, वर बघूनच काम करायचं असतं."

आता अण्णा काही रॉकेटवाले नाहीत, चाळीस वर्षं द्राक्षबाग सांभाळणारा माणूस. पण मला त्या क्षणी वाटलं की या घरात लॉन्च डायरेक्टरचं दुखणं नीट समजणारा माणूस एकच आहे. कारण ऑक्टोबर छाटणी म्हणजे तरी दुसरं काय, एकदा कात्री लावली की काउंटडाऊन सुरू, काडी फुटणार, पोंगा येणार, फुलोरा येणार, आणि तो फुलोरा नेमका पावसात सापडला तर घडकूज आणि डाऊनी असले रोग, मग फवारणीवर फवारणी. त्यामुळे छाटायचं कधी हे अण्णा आभाळ, मोबाईलवरचा अंदाज आणि स्वतःचा अनुभव असं तिन्ही जुळवून ठरवतात आणि कितीतरी वेळा मजुरांच्या टोळीला सांगून ठेवलेलं आदल्या रात्री रद्द करतात. कॅलेंडरवरची काट तीच.

चिऊचा पुढचा प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटला. "पाऊस पडला तर रॉकेट भिजेल म्हणून थांबलेत का?" बऱ्याच मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. खरं म्हणजे नुसत्या रिमझिम पावसाचं रॉकेटला तेवढं वावडं नसतं. त्या दिवशीच्या चाचणीत केबिन साधारण १२ किलोमीटर उंचीवर सुटी होणार होती, पुढे पॅराशूट उघडणार, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात ती पडणार आणि नौदल ती उचलणार, म्हणजे वरपासून खालपर्यंत नीट दिसणं महत्त्वाचं. पण एरवी रॉकेटवाल्यांची झोप उडवणारी गोष्ट दुसरीच असते, ती म्हणजे वीज. आणि त्यातही लोकांना न पटणारी गोष्ट अशी की आकाशात एकही वीज चमकत नसताना रॉकेट स्वतः ती खाली ओढू शकतं.

ते कसं, तर ढगात चार्ज साठलेला असतो पण कडाडून पडण्याइतका झालेला नसतो. तेवढ्यात त्यातून धातूचा एक लांब खांब जातो आणि त्याच्या शेपटीला तापलेल्या वायूंचा आणखी लांबलचक झोत असतो, तो झोतही वीज वाहून नेतो. म्हणजे ढग आणि जमीन यांच्यामध्ये कुणीतरी एकदम उभी तार धरल्यासारखं झालं. शांत असलेला ढग मग त्या तारेतून मोकळा होतो.

अपोलो १२ ला हेच झालं. १४ नोव्हेंबर १९६९, फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवर पाऊस चालू, आभाळ भरलेलं, प्रेसिडेंट निक्सन स्वतः बघायला आलेले. आजूबाजूला विजा चमकत नव्हत्या म्हणून उड्डाण केलं. वर गेल्यावर ३६ व्या सेकंदाला पहिला झटका, ५२ व्या सेकंदाला दुसरा. यानाला वीज देणारे फ्युएल सेल एकदम लाईनीवरून सुटले, पॅनेलवर वॉर्निंगचे दिवेच दिवे, आणि ह्यूस्टनच्या कंट्रोल रूमला येणारे आकडे सगळे भंजाळलेले. तिथं जॉन अ‍ॅरन नावाचा २६ वर्षांचा इंजिनियर बसला होता, त्यानं असेच भंजाळलेले आकडे पूर्वी एका टेस्टमध्ये पाहिले होते आणि ते डोक्यात ठेवले होते. तो म्हणाला, एससीई टू ऑक्स, म्हणजे आकडे नीट करून पाठवणाऱ्या यंत्राचं बटण पर्यायी जागेवर टाका. हे बटण काय आहे हे फ्लाइट डायरेक्टरला माहीत नव्हतं, कमांडर पीट कॉनरॅडलाही नाही, पण त्याच्यासोबतच्या अ‍ॅलन बीनला त्याची जागा माहीत होती, त्यानं ते दाबलं आणि आकडे परत आले. वाचले ते मुख्यतः यामुळे की खालच्या सॅटर्न रॉकेटचा स्वतःचा कॉम्प्युटर वेगळा होता आणि त्याला काही झालं नाही, तो आपला सरळ चालत राहिला. पाच दिवसांनी ते चंद्रावर उतरले. मी हा प्रसंग चिऊला किमान दहा वेळा सांगितला असेल, दर वेळी ती बटणाचं नाव माझ्या आधी म्हणते.

पण दर वेळी असं नशीब साथ देत नाही. २६ मार्च १९८७ ला केप कॅनाव्हेरलवरून अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेट अमेरिकन नौदलाचा कम्युनिकेशन उपग्रह घेऊन भर पावसात, जाड ढगातून निघालं. मिनिटभराच्या आत वीज. इथं रॉकेटच्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत फरक पडला, आणि त्यानं इंजिनांना एकदम जोरात वळायची आज्ञा दिली, वेगात असलेलं रॉकेट असं आडवं वळलं की त्याचे तुकडेच होतात, तसे झाले, आणि उरलंसुरलं रेंज सेफ्टीनं, म्हणजे उड्डाणाची सुरक्षा बघणाऱ्या लोकांनी, उडवून दिलं. यानंतर विजेचे नियम फार कडक झाले आणि ते आजही वापरतात.

ते नियम वाचताना मला फार मजा येते कारण त्यात सगळा ढगांचा अभ्यास आहे. १० नॉटिकल मैलांच्या आत, म्हणजे साडेअठरा किलोमीटरच्या आत वीज चमकली की ३० मिनिटं थांबायचं. जमिनीवर फील्ड मिल नावाची यंत्रं बसवलेली असतात, ती हवेतलं विद्युत क्षेत्र मोजतात, ते मीटरला १५०० व्होल्टच्या, काही परिस्थितीत १००० च्याच, वर गेलं की खाली येऊन १५ मिनिटं होईपर्यंत थांबायचं. आणि ढगाचा माथा किती थंड आहे यावर त्याच्यापासून किती लांब राहायचं हे ठरतं, माथा उणे २० अंशांपेक्षा थंड असेल तर १० नॉटिकल मैल लांब. ४५०० फुटांपेक्षा जाड थर असेल आणि त्याचा काही भाग ० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात असेल तरी त्यातून जायचं नाही. हा पट्टा का, तर तिथं गारेचे कण, बर्फाचे स्फटिक आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असं सगळं एकत्र घुसळत असतं, कण एकमेकांवर आपटतात आणि त्यातून चार्ज वेगळा होतो. थोडक्यात जिथं गार तयार होते तिथंच वीजही तयार होते.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "मग!" म्हणाले. आमच्याकडे गारपिटीचा ढग लहान पोरंही ओळखतात. खालून काळानिळा, मध्येच हिरवट झाक, आणि लांबून बघितला तर वरचं टोक लोहाराच्या ऐरणीसारखं एका बाजूला पसरलेलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यात गारपीट झाली. दुपारी मी ओट्यावर उभा होतो, चिऊ आली आणि वर बघून म्हणाली, "आबा, याला ऐरणीचा ढग म्हणतात ना?" अण्णा हो म्हणाले आणि पायात चपला न घालता बागेकडे चालू लागले. नंतर पानांच्या अक्षरशः चिंध्या झाल्या होत्या, कोवळे घड तारेखाली पडलेले, ओळीतून चालताना पायाखाली गारा करकरत होत्या. रॉकेट निदान पॅडवरून मागे नेता येतं. २०२२ मध्ये इयान वादळ येणार म्हणून नासानं आर्टेमिस १ चं अख्खं रॉकेट पॅडवरून साडेसहा किलोमीटर मागे शेडमध्ये नेलं, ताशी दीड किलोमीटरपेक्षाही कमी वेगानं, आणि मग ते १६ नोव्हेंबरला उडालं. बाग कुठं नेणार.

असो. विजेनंतर वारा. इथंही आपली समजूत अर्धवट असते, आपल्याला वाटतं खाली सोसाट्याचा वारा असला की अडचण. तोही असतोच, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटसाठी टॉवरच्या १६२ फूट उंचीवर ताशी ३० मैलांच्या वर सलग वारा असेल तर उड्डाण नाही. पण जास्त घोळ वरच्या वाऱ्याचा असतो, आणि त्यातही वाऱ्याच्या जोरापेक्षा तो किती पटकन बदलतो याचा. हायवेवर मोठ्या ट्रकच्या आडोशानं मोटरसायकल चालवत जा आणि ट्रक ओलांडला की पुढच्या सेकंदाला बाजूचा वारा कसा थापड मारतो ते आठवा, हँडल गच्च धरावं लागतं. रॉकेटला अशी थापड बसते ती साधारण दहा-बारा किलोमीटरच्या आसपास, जिथं त्याचा वेग भरपूर वाढलेला असतो आणि हवाही अजून पुरेशी दाट असते, म्हणजे अंगावर सगळ्यात जास्त दाब असतो तेव्हाच. म्हणून उड्डाणाच्या आधी पुन्हा पुन्हा फुगे सोडतात, त्याला लावलेलं यंत्र दर उंचीला वारा कुठून किती आहे ते कळवतं आणि त्या दिवशीच्या वाऱ्यानुसार रॉकेटनं कसं वळत जायचं ते इस्रोतही ठरवतात. त्यासाठी शेवटचे फुगे उड्डाणाच्या जवळ सोडावे लागतात, कारण कालचा वारा आज चालत नाही.

श्रीहरिकोटाची जागा निवडली ती पूर्वेला मोकळा समुद्र म्हणून, पूर्वेकडे उडालं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो आणि खाली वस्ती नाही. पण त्याच समुद्रातून चक्रीवादळं येतात. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर पंधराएक किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा जोराचा वारा असतो, आणि आपल्याकडे पाऊस संपून ऑक्टोबर हिटनं जीव नकोसा झालेला असतो तेव्हा तिकडे परतीचा, ईशान्येचा पाऊस सुरू होतो. चिऊला निफाडच्या उन्हाचं आणि तिथल्या ढगांचं जे कोडं पडलं होतं त्याचं उत्तर हे. दुसऱ्या लॉन्च पॅडभोवती जे उंच उंच मनोरे फोटोत दिसतात ते विजेपासून वाचवायला उभे केलेले आहेत, पुढच्या लॉन्चला नक्की बघा.

आता कुणी म्हणेल की ढग आहेत तर थांबा अर्धा तास, जातील, त्यात काय. कधी कधी अर्धा तासच काय, दहा मिनिटंही नसतात. मे २०२० चं लॉकडाऊन आठवतंय ना, २७ तारखेला स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन पहिल्यांदा माणसं घेऊन जाणार होतं, डग हर्ली आणि बॉब बेन्केन, आपल्याकडे रात्रीचे दोन. मी अंथरुणातच मोबाईल धरून, आवाज बारीक करून जागा. दोघं आत बसलेले, इंधन भरणं चालू, आणि १७ मिनिटं बाकी असताना रद्द. कारण ढगांमधला चार्ज. पुढे दहा मिनिटांत हवामान ठीक झालं असतं असं नंतर सांगितलं, पण ती दहा मिनिटं नव्हतीच. स्पेस स्टेशन ज्या कक्षेत फिरतं ती कक्षा आणि तुमचा पॅड एका रेषेत येतात तो क्षण दिवसात ठरलेला, पृथ्वी फिरत असते, ती कुणासाठी थांबत नाही, आणि फाल्कनमधला ऑक्सिजन इतका थंड करून भरलेला असतो की भरून ठेवून वाट बघत बसता येत नाही. शिवाय आत माणसं असतील तर फ्लोरिडाचं आभाळ साफ असून भागत नाही, मध्येच काही झालं तर केबिन अटलांटिकमध्ये जिथं कुठं पडेल तिथला वारा आणि लाटाही ठीक हव्यात, अशी ५० पेक्षा जास्त ठिकाणं ते बघत असतात. शेवटी ३० मे ला उडालं, आपल्याकडे ३१ उजाडली होती, रात्रीचे १२ वाजून ५२ मिनिटं. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी आपल्याकडे निसर्ग वादळ येऊन धडकलं, त्यामुळे तो आठवडा मला अगदी तासातासानं आठवतो.

मंगळयानाची गोष्ट तर याहून भारी आहे, कारण तिथं श्रीहरिकोटाच्या हवेनं नाही तर हजारो किलोमीटर लांबच्या समुद्रानं तारीख बदलली. उड्डाण २८ ऑक्टोबर २०१३ ला ठरलं होतं. पीएसएलव्ही रॉकेटचा शेवटचा टप्पा दक्षिण पॅसिफिकवर पेटणार होता आणि तिथं जमिनीवर आपलं कुठलंच केंद्र नाही, म्हणून सिग्नल घ्यायला नालंदा आणि यमुना अशी दोन जहाजं पाठवली होती. पैकी नालंदा खराब हवामानामुळे फिजीजवळ वेळेवर पोचलं नाही. मग इस्रोनं तारीख आठवडाभर पुढे नेली. लक्षात घ्या, उड्डाणाची खिडकी १९ नोव्हेंबरला बंद होत होती आणि ती चुकली असती तर मंगळ आणि पृथ्वी पुन्हा तसे यायला २६ महिने. रॉकेट तयार, यान तयार, इकडे पावसाचे दिवस, तरी जहाज जागेवर पोचल्याशिवाय सोडलं नाही. मग ५ नोव्हेंबरला दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी उडालं. त्या दिवशी भाऊबीज होती आणि वार होता मंगळवार! आत्या ओवाळायला आली होती, ताट पाटावर तसंच ठेवून सगळे टीव्हीपुढे, अण्णाही कपाळाला टिळा लावलेले तसेच उभे. शेवटचा टप्पा पेटला ते त्या जहाजांवरून कळलं.

हे सगळं सांगून झालं की मला चॅलेंजर या नासाच्या स्पेस शटलवर यावंच लागतं, आणि हा भाग मी चिऊला अजून पूर्ण सांगितलेला नाही. जानेवारी १९८६. २६ तारखेचं उड्डाण पुढे ढकललं कारण हवामान खराब होणार असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात दिवस बरा निघाला. २७ तारखेला आधी दाराच्या हँडलनं घोळ घातला, तो सुटेपर्यंत आणीबाणीत परत उतरायच्या धावपट्टीवर बाजूचा वारा वाढला, पुन्हा रद्द. २८ ला रात्रीतून पारा शून्याखाली, पॅडवर बर्फाच्या लोंब्या. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर फोनवर सांगत होते की बूस्टरच्या जोडात जी रबराची कडी असते, ओ-रिंग, ती थंडीत कडक होते, तिला पटकन फुगून फट बुजवता येत नाही, आजवरचं सगळ्यात थंड उड्डाण १२ अंशांचं आहे, त्याच्या खाली उडवू नका. त्यांचं ऐकलं नाही. सकाळी ११.३८ ला उडालं तेव्हा हवा साधारण २ अंश होती. ७३ सेकंद. सात माणसं. त्यात एक शाळेतली बाई, देशभरातल्या पोरांना अंतराळातून धडा शिकवणार होती.

चौकशीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात घालून सगळ्यांसमोर दाखवला, दाबून सोडला तर पहिल्यासारखा लगेच होईना. ग्लासभर गार पाणी, बस. मी जेव्हा केव्हा वाचतो तेव्हा मला राग येतो तो थंडीचा नाही. आधी दोन वेळा थांबलेच होते ना, मग तिसऱ्यांदा थांबायला काय हरकत होती? आणि त्यातून २६ तारखेचा अंदाज चुकला होता हे मला सगळ्यात टोचतं, कारण एकदा विनाकारण थांबलेल्या माणसाला पुढच्या वेळी थांबायची भीती वाटते. अण्णांचंही तसं होतं. पाऊस येणार म्हणून छाटणी रद्द करावी आणि लख्ख ऊन पडावं, टोळीचा दिवस वाया, शेजारचे छाटून मोकळे. त्या रात्री जेवताना कुणी त्यांना काही बोलायचं नाही हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे, आईनं घातलेला, आणि तो मी फार जपतो.

काही रॉकेटं मुळातच दणकट असतात हेही खरं. रशियाचं सोयूझ नोव्हेंबर २०११ मध्ये तीन अंतराळवीर घेऊन बैकोनूरहून भर हिमवर्षावात उडालं. २७ मे २०१९ ला प्लेसेत्स्कहून निघालेल्या सोयूझवर उडता उडता वीज पडली आणि तरी त्यानं उपग्रह नीट जागेवर पोचवला. पण ते रॉकेट क्षेपणास्त्रावरून आलेलं, रशियाच्या थंडीतच वाढलेलं. त्याच्याकडे बघून बाकीच्यांनी थंडीत उडायचं ठरवलं तर नाही चालणार.

तर त्या शनिवारी. ८.४५ ला उलटी मोजणी ५ सेकंदांवर आली आणि कॉम्प्युटरनं स्वतःच थांबवली. या वेळी ढगांचा संबंध नव्हता, इंजिन अपेक्षेप्रमाणे पेटलं नव्हतं. चिऊ रडायलाच आली. टीव्हीवर इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सोमनाथ सरांनी सांगितलं की रॉकेट सुरक्षित आहे, काय झालं ते बघतो. अण्णांनी तिला मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाले, अजून एक कप टाक, ही लोकं आज करणार काहीतरी. आई देवापुढची माळ करून उठली, चहा टाकला. थोड्या वेळात बातमी आली, दोष सापडला, १० वाजता.

दहाला उडालं. ढग होतेच थोडे. केबिन सुटी झाली, पॅराशूट उघडले, ती हेलकावे घेत समुद्रात पडली आणि नौदलाच्या लोकांनी ती काढली. चिऊ धावत स्वयंपाकघरात गेली आणि ८.४५ वर काट मारून खाली जागा उरली नव्हती म्हणून पुढच्या चौकोनात, रविवारच्या, १० लिहून त्याला गोल केला. अण्णांनी टोपी घातली, टोळीवाल्याला फोन लावला आणि बोलत बोलत खालच्या प्लॉटकडे गेले.